कुंपणापलीकडचं नाणं

ड्वाइटने नाणं तोंडात घातलं, गालातल्या गालात फिरवलं आणि ओल्या बोटांनी बाहेर काढून रुमालावर ठेवलं. "आता बघा," तो म्हणाला, "कशी चमक येते ती."

टेबलाभोवती वीस-बावीस माणसं होती. कुणी तोंड वाकडं केलं नाही. मातीतून काढलेलं नाणं थुंकी लावून पुसायची सवय क्लबातल्या निम्म्या लोकांना होती. हार्लन डायकहाउस मात्र टेबलापासून एक पाऊल मागे सरला. ते नाणं त्याच्या घरातलं होतं. एप्रिल महिन्यात त्याने ते आपल्या बायकोच्या, नोरीनच्या, कबरीवर, गवताखाली चार इंचांवर पुरलं होतं.

जून महिन्यातला पहिला मंगळवार होता. मेटल डिटेक्टरवाल्यांचा क्लब दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अग्निशामक केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये जमायचा. महिनाभरात सापडलेल्या वस्तू प्रत्येक जण टेबलावर मांडायचा, वस्तूपुढे कागदी कप ठेवायचा, आणि मग सगळ्यांनी राजम्याचा एकेक दाणा आवडेल त्या कपात टाकायचा. ज्याच्या कपात जास्त दाणे, त्याची वस्तू महिन्यातली सर्वांत चांगली. ड्वाइट प्रूइट अकरा वर्षं क्लबात होता आणि अकरा वर्षांत त्याच्या कपात कधी तीनपेक्षा जास्त दाणे पडले नव्हते. त्याला बिअरच्या डब्यांच्या कड्या सापडायच्या, गंजलेले खिळे सापडायचे, नाही तर गेल्या वर्षीची सुटी नाणी. आज त्याच्या कपाभोवती गर्दी होती.

अंगठ्याच्या नखाएवढंच ते नाणं, अठराशे पंच्याहत्तर सालचं, चांदीचं. एका बाजूचा छाप कुणीतरी घासून गुळगुळीत केला होता आणि तिथे बारीक वळणदार दोन अक्षरं कोरली होती, ई आणि एम. वरच्या कडेला दोरा ओवायला भोक होतं. त्या काळी पोरं असं नाणं कोरून घेऊन आपल्या आवडत्या मुलीला द्यायची.

"कुठे मिळालं?" क्लबच्या अध्यक्ष आर्डिथ केसलर यांनी विचारलं. ऐंशी वर्षांची बाई, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली. त्यांनी साधा प्रश्न विचारला तरी माणूस सरळ होऊन बसायचा.

ड्वाइट म्हणाला, जुन्या जत्रेच्या मैदानात, शर्यतीच्या वाटेजवळ. गेल्या महिन्यात तेरा तारखेला तो धो धो पाऊस पडला ना, त्या दिवशी. तुम्ही सगळे घरात बसला होतात, यंत्राच्या विजेच्या डब्याला पाणी लागेल म्हणून यंत्रं कपाटात ठेवून. माझं यंत्र पाण्यात बुडवलं तरी चालतं. ओल्या मातीत चांदीचा आवाज कसा येतो ते ऐकायला तरी पावसात बाहेर पडा म्हणावं. एवढं बोलून त्याने हार्लनकडे पाहिलं. "नोरीनचं यंत्र आहे ते. देव तिच्या आत्म्याला शांती देवो. तिच्यामुळेच मिळालं म्हणायचं."

चार-पाच जणांनी मायेने हार्लनकडे पाहिलं. एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हार्लनच्या हातात राजम्याचा दाणा होता. तो त्याने कुठल्याच कपात टाकला नाही.

ड्वाइटच्या ओठाखाली तंबाखूची चिमूट होती. कोपरापाशी प्लास्टिकची बाटली ठेवून अधूनमधून तो तिच्यात थुंकत होता आणि तळाशी तपकिरी पाणी साचलं होतं. हार्लनची नजर त्या बाटलीवरून हलेना. ते नाणं त्या तोंडात होतं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. हार्लनने बोलू नये याची सोय करूनच ड्वाइटने ते आणलं होतं, हे त्याला पहिल्या नजरेतच कळलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्डिथबाईंनी आपल्या शेतात शोध घ्यायची परवानगी हार्लनला आणि नोरीनला दिली होती. त्यांनी एकच अट घातली होती: ओढ्याकडचा कुंपण घातलेला कोपरा सोडायचा. पूर्वी त्या जमिनीला लागून काउंटीचं गरीबघर होतं. ज्यांना कुणी नव्हतं अशी माणसं तिथे मरायची आणि त्या कोपऱ्यात पुरली जायची, दगड नाही, नाव नाही. केसलरांच्या घराण्याने त्या कोपऱ्यात कधी नांगर घातला नव्हता. परवानगी घेतलेल्या जागेत मालकाने आखलेली हद्द पाळायची, हा डिटेक्टरवाल्यांचा पहिला नियम. बाकीचे नियम त्यानंतर येतात.

दिवसभर शेतात फिरून दोघांना दोन गंजके नट मिळाले. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. हार्लनचं यंत्र जुनं, त्याच्या डब्यावर तो अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवायचा तरी पाणी शिरायचं. नोरीनचं यंत्र नवं, पूर्ण पाण्यात चालणारं. तळ्यात कमरेपर्यंत उतरून शोधायला म्हणून त्याने ते तिला वाढदिवसाला घेऊन दिलं होतं, पण तिला थंड पाणी सोसायचं नाही. मग ती ते पावसात वापरायची, जमिनीवर. हार्लन तिला म्हणाला, तुझं यंत्र आहे तर कुंपणापलीकडे पाच मिनिटं बघू. या पावसात कोण येतंय बघायला. नोरीन नको म्हणाली. त्याने तिचंच यंत्र तिच्या हातातून घेतलं आणि तारेखालून गेला. थोड्या वेळाने तीही गेली.

आधी नाणं सापडलं. मग जवळच एक पितळी बटण. मग वीतभर अंतरावर दुसरं, मग तिसरं, मग चौथं. चारही एका सरळ रेषेत.

नोरीन उकिडवी बसली होती ती बसूनच राहिली. "अंगरखा आहे, हार्लन," ती म्हणाली. "माणूस अजून त्याच्यात आहे."

चारही बटणं तिने जिथल्या तिथे ठेवली, हाताने माती लोटली, गवत बसवलं. नाणं मात्र हार्लनच्या कमरेच्या पिशवीत गेलं होतं आणि त्याने ते बाहेर काढलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, उद्या परत ठेवून येऊ. तो म्हणाला, आर्डिथबाईंना काय सांगणार, तिथे कशाला गेला होतात म्हणतील. पुढच्या महिन्यात जाऊ. नोरीनने नाणं दोऱ्यात ओवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खिळ्याला टांगलं, विसर पडू नये म्हणून. तिथे ते नऊ वर्षं टांगलेलं होतं. क्लबातलं कुणी यायचं असलं की हार्लन ते काढून पिठाच्या डब्यामागे ठेवायचा.

ऑक्टोबरमध्ये दवाखान्यात, बोलायला जोर उरला नव्हता तेव्हा, तिने त्याला तेवढंच सांगितलं होतं. ते परत ठेव. हो म्हण. तो हो म्हणाला होता.

त्यानंतर सहा महिने ड्वाइट दर गुरुवारी यायचा, सूप घेऊन, बास्केटबॉलची मॅच बघायला. दुसरं कुणी येत नव्हतं, म्हणून हार्लनला त्याचं बरं वाटायचं. नोरीन गेल्यावर नाणं लपवायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. एप्रिलमध्ये ड्वाइटने विचारलं, ते खिडकीतलं कुठे गेलं रे? आणि हार्लनने सगळं सांगून टाकलं. कुंपण, बटणं, दवाखाना. आर्डिथबाईंच्या दारात जायची हिंमत झाली नाही म्हणून नाणं नोरीनच्याच कबरीवर पुरलं, हेही. सांगून झाल्यावर रडला. ड्वाइटने त्याच्या खांद्यावर थोपटलं. जाताना हार्लनने नोरीनचं यंत्र त्याला देऊन टाकलं. कोपऱ्यात उभं असलेलं ते बघवत नव्हतं.

ड्वाइटच्या कपात सतरा दाणे पडले. टाळ्या झाल्या. आर्डिथबाईंनी रिवाजाप्रमाणे नाणं लिफाफ्यात घातलं, वर ड्वाइटचं नाव लिहिलं. जिंकलेली वस्तू महिनाभर त्यांच्याकडे राहायची, क्लबच्या पत्रकात फोटो छापायला. हार्लन उकडलेल्या अंड्यांच्या ताटाजवळून, कुणाचा निरोप न घेता बाहेर पडला आणि गाडीजवळ जाऊन ओकला.

सकाळी तो कब्रस्तानात गेला. तीन आठवडे गेला नव्हता. नोरीनच्या दगडापुढे बशीएवढं गोल वाळलेलं गवत होतं, भोवती सगळं हिरवं. काय झालं ते कळायला हात लावायची गरज नव्हती. गवत कापायचं ते तीन बाजूंनी, चौथी बाजू जोडलेली ठेवायची, झाकणासारखं उघडायचं आणि परत मिटायचं, म्हणजे मुळं जगतात आणि आठवड्यात खूण राहत नाही. क्लबात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ड्वाइट अकरा वर्षं पूर्ण गोल कापत आला होता, आर्डिथबाईंची बोलणी खाऊनही. गोल कापलेला तुकडा मरतो. हार्लनने धरताच तो उपटून वर आला तेव्हा खाली कोंबलेली माती दिसली आणि मातीत तंबाखूचा एक काळा चोथा.

हार्लनने तो कागदी रुमालात उचलला. रुमाल कुठे टाकावा हे त्याला कळेना. कब्रस्तानातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकवेना, खिशात ठेववेना. शेवटी तो रुमाल गाडीत पायापाशी पडून राहिला आणि काच खाली करूनही गाडीत तोच वास येत राहिला.

ड्वाइट त्याच्या गॅरेजमध्ये होता. नोरीनचं यंत्र भिंतीवरच्या आकड्याला टांगलेलं होतं, दांड्याखालच्या चकतीला वाळलेला चिखल.

"आलास," ड्वाइट म्हणाला. "मला वाटलं रात्रीच येशील."

हार्लनने रुमाल उघडून त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवला. ड्वाइटने बघितलं आणि ओशाळं हसला, शिंक आल्यावर माणूस हसतो तसा.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. पेटी सहा फूट खाली, मी चार इंच उकरलं. तिला धक्का लागला का? नाणं काय तिच्या हातातलं ओढून घेतलं? जमिनीत पडलेली वस्तू होती. आणि फुकट पडून राहण्यापेक्षा लोकांनी बघितली तर वाईट काय? अकरा वर्षं मी तुमच्या कपांत दाणे टाकतोय. एकदा माझ्या कपात पडले तर तुझं काय गेलं?

"तू तोंडात घातलंस ते," हार्लन म्हणाला.

"धुतलं होतं मी आधी."

"ड्वाइट, तू दर गुरुवारी माझ्या घरी जेवलास."

"सूप मी आणायचो," ड्वाइट म्हणाला. मग बाटली उचलून तिच्यात थुंकला आणि शांतपणे बोलला, "हे बघ म्हाताऱ्या. नाणं आर्डिथबाईंकडे आहे. हवं तर जा आणि माग. त्या विचारतील तुझं कसं. तू सांगशील पुरलं होतं. त्या विचारतील तुझ्याकडे कुठून आलं. मग सांग की. मी कबर उकरली, बरोबर. तू काय उकरलं होतंस?"

हार्लनला एकदम दिसलं की आपल्याला ड्वाइटच्या तोंडाची शिसारी येते आहे तशीच नऊ वर्षं नोरीनला खिडकीकडे बघताना येत असणार, आणि ती शिसारी ड्वाइटची नव्हती, आपली होती. नोरीन रोज तिथे उभी राहून भांडी घासायची. कधी बोलली नाही. फक्त दोरा मळला की नवा ओवायची.

ड्वाइटने रुमाल त्याच्याकडे परत सरकवला. हार्लनने तो गुंडाळून उचलला आणि आकड्यावरून यंत्र काढलं. ड्वाइट म्हणाला, दिलेलं परत नेतोस होय? हार्लनने ऐकलं नाही. ड्वाइट खुर्चीतून उठलाही नाही.

आर्डिथबाईंच्या घरी पोहोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. त्या स्वयंपाकघरात रुबार्बचे आंबट देठ चिरत होत्या. बस म्हणाल्या. तो उभाच राहिला आणि उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. सुरुवात ड्वाइटपासून करावी असं वाटेवर ठरवलं होतं, पण तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य निघालं ते हेच: "आर्डिथबाई, नऊ वर्षांपूर्वी मी तुमचं कुंपण ओलांडलं."

त्यांनी सुरी खाली ठेवली. हार्लन बटणांशी आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ड्वाइटचं सांगून संपलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते हार्लनने शाळेत, त्यांच्या वर्गात असताना, कधीतरी पाहिलं होतं, कुणीतरी बेडकाला टाचणीने टोचलं होतं तेव्हा. आणि आत्ता त्या हार्लनकडेच बघत होत्या, ड्वाइट तिथे नव्हताच.

"माझे आजोबा," त्या म्हणाल्या, "दर वर्षी त्या कोपऱ्यातलं गवत हाताने, विळ्याने कापायचे. यंत्राचं चाक जाऊ नये म्हणून. मी तुला एकच गोष्ट सांगितली होती, हार्लन."

"हो बाई."

"नोरीन नको म्हणाली असेल."

"म्हणाली."

"मग तिला मध्ये घेऊ नकोस. आम्ही नाही, मी असंच म्हण."

"मी ओलांडलं," तो म्हणाला.

त्यांनी कपाटातून लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला, त्याच्या हातात दिला नाही. हार्लनने नाणं बाहेर काढलं आणि विचारलं, इथे धुऊ का? त्यांनी होकाराची मान हलवली. जुनं नाणं साबणाने घासायचं नाही, हा क्लबातला आणखी एक नियम, त्यांनीच ठरवलेला. हार्लनने सिंकपाशी उभं राहून ते भांड्यांच्या साबणाने तीनदा घासलं. तरी समाधान होईना. आर्डिथबाई उठल्या आणि खिडकीतला नखं घासायचा ब्रश त्याच्यापुढे ठेवला. चौथ्यांदा घासलं.

"दोघांचीही नावं क्लबातून आज काढते," त्याच्या पाठीमागून त्या म्हणाल्या. "त्याचं आणि तुझं. पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी का काढली ते सगळ्यांना सांगेन. तू येऊ नकोस."

"नाही येत."

"जा आता. कोपऱ्याच्या फाटकाला कुलूप नाही. तारेखालून जाऊ नकोस."

पाऊस चांगलाच लागला होता. कोपरा गुडघ्याएवढ्या गवताने भरला होता आणि कुठे बघावं त्याची एकही खूण नव्हती. नोरीनने खूण ठेवलीच नव्हती, तिला ती ठेवायची नव्हती. हार्लनने यंत्र चालू केलं. चकतीवरचा ड्वाइटचा चिखल पावसाने धुऊन खाली गळत होता. डब्यावर टोपी चढवायला नको, पुसायला नको, पाणी यंत्रावरून वाहत होतं आणि तरी यंत्राचा आवाज स्वच्छ येत होता. तिच्या उंचीला बसवलेला दांडा ड्वाइटने लांब केला होता. हार्लनने तो परत आखूड केला आणि वाकून चालू लागला.

आधी लोखंडाची खरखर, बरेच वेळा. खिळे, पेट्यांचे असतील. तिथून तो दर वेळी दूर झाला. हे सगळं खाली आहे हे तेव्हाही त्याला ऐकू आलं असतं. पण तेव्हा त्याने खिळ्यांचे आवाज बंद करून ठेवले होते, यंत्राचं बटण फिरवून, चांदी नीट ऐकू यावी म्हणून. नोरीनने मागून म्हटलंही होतं, सगळं ऐक ना.

अर्ध्या तासाने पितळेचा आवाज आला. वीतभर पुढे दुसरा. मग तिसरा. चौथ्यापाशी तो थांबला आणि गुडघ्यावर बसला.

त्याने खुरप्याने तीन बाजू कापल्या, चौथी ठेवली. झाकण उघडलं. चार इंचांवर नाही गेला, हात घालून जेवढं सहज गेलं तेवढंच. अक्षरांची बाजू खाली करून नाणं ठेवलं, मग विचार करून वर केली, मग परत खाली. कोण होती ती ई, का तो होता, का एम त्याचं नाव होतं, हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचा त्याला हक्क नव्हता. माती लोटली. झाकण मिटलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं, मुळं बसेपर्यंत.

खड्डा बुजवला की नोरीन त्याच्यावरून यंत्र एकदा फिरवायची, काही राहिलं का बघायला. हार्लनने फिरवलं. पितळ, पितळ, आणि त्यांच्या शेजारी एक उंच, बारीक आवाज. त्याने परत एकदा फिरवून तो ऐकला. मग यंत्र बंद केलं.

खिशात हात घातला तर कालचा राजम्याचा दाणा लागला. तो त्याने तिथे टाकला नाही. फाटकाबाहेर आल्यावर रस्त्याकडेला फेकला, फाटक ओढून घेतलं आणि हात पुसायला काही नसल्यामुळे ते तसेच चिखलाचे घेऊन गाडीत बसला. रुमाल परत पायापाशीच पडला होता. त्याने काच खाली केली आणि गाडी ड्वाइटच्या घराकडे वळवली. त्यातला चोथा ज्याचा होता त्याच्या दारात तो टाकूनच त्याला घरी जायचं होतं.